ओ-यू-जी-एच : शेपूट एकच, उच्चार नऊ?

लेक चौथीत आहे, काल तिची इंग्रजी डिक्टेशनची तयारी घेत होते. टफ झालं, रफ झालं, इनफ झालं, म्हटलं चला, शेवटी ओ-यू-जी-एच दिसलं की 'अफ' म्हणायचं, विषय संपला. पुढचाच शब्द निघाला थ्रू. मग 'जरी' या अर्थाचा दो, मग खोकल्याचा कॉफ, मग झाडाची फांदी तो बाउ. पोरीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, आई हे लोक मुद्दाम करतात का गं?

मला काही सांगता येईना. रात्री भांडी आवरून यादी करत बसले. थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट ही एक भावकी सापडली, म्हटलं पुढे टी असला की 'ऑट', हा तरी नियम पक्का, तर ड्राउट म्हणजे दुष्काळ आडवा आला. 'सखोल' या अर्थाचा थरो, त्याला ब्रिटिश लोक थरा म्हणतात, त्यात शेवटी नुसता 'अ' उरतो. हिकप म्हणजे उचकी, हा शब्द दोन तऱ्हांनी लिहितात, त्यातल्या एकात चक्क हेच शेपूट आणि उच्चार 'अप'. कहर म्हणजे लंडनजवळचं गाव स्लाउ, सापाने कात टाकली की स्लफ, आणि अमेरिकेतली दलदल स्लू, स्पेलिंग तिन्हींचं एकच!! उच्चार करायचाच नाही तर ते जी-एच तिथे बसवलंय कशाला, कुणी सांगेल का?

* * *

ताई, ते जी-एच शोभेचं नाहीये, एके काळी लोक ते खरंच उच्चारायचे. जुन्या इंग्रजीत तिथे घशात घासून येणारा ख होता, आपल्या खटाऱ्यातला नव्हे, उर्दूतला नुक्तेवाला म्हणा. आधी तो नुसत्या एचने लिहायचे, फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांची राजवट आल्यानंतर लेखनिकांची वळणं बदलली आणि पुढे जी-एच रूढ झालं.

जर्मनमध्ये हा ख अजून ठणठणीत आहे. मी जर्मन शिकायला लागलो तेव्हा हे एकदम डोक्यात पेटलं, नाइटला नाख्ट, एटला आख्ट, डॉटरला टॉख्टर, थॉटच्या जागी गेडाख्ट, जिथे इंग्रजीत मुकं जी-एच तिथे यांचा ख हजर. आणि अजून मागे गेलात तर थेट आपल्या घरात येता. डॉटर म्हणजे संस्कृत दुहितृ, आणि आमची आजी श्रावणी सोमवारी 'नक्त' करायची, दिवसभर उपास आणि रात्री जेवण, तो नक्त आणि इंग्रजी नाइट चुलत भावंडं. नक्तातला क म्हणजेच त्यांचं ते मुकं जी-एच.

मग झालं असं की हा ख मरत गेला, पण सगळीकडे एकसारखा नाही. कुठे नुसता गळून पडला, कुठे ओठांवर येऊन फ झाला, आणि वेगवेगळ्या बोलींमधले उच्चार प्रमाण इंग्रजीत येऊन एका पंगतीला बसले. म्हणून लाफ्टरमध्ये फ आहे नि डॉटरमध्ये नाही, काही बोलींत तर डाफ्टर पण म्हणायचे. त्यात १४७६ मध्ये कॅक्स्टन नावाच्या छपाईवाल्याने लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना टाकला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि तोंडं मात्र बदलतच राहिली. ख ऐकायचाच असेल तर आयर्लंडमध्ये तळ्याला लॉख म्हणतात, तिथे हेच शेपूट आणि उच्चार अगदी जुना. हिकपचं मात्र वेगळं, मूळ शब्द साधाच होता, खोकल्याशी नातं असणार असं समजून लोकांनी शेपूट नंतर चिकटवलं.

* * *

कॉफवरून आठवलं, आपण त्याचा सरळ कफ करून टाकलाय, 'कफ सिरप'. आणि वात-पित्त-कफ मधला कफ संस्कृत, त्याचा याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. आमचे सासरे परवा म्हणाले, सूनबाई तुला खोकला कोरडा, म्हणजे कफ नाहीच, मग कफ सिरप कशाला आणलंस? यावर काय बोलणार 😄

* * *

इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत, बर्गरवाल्यांच्या ड्राइव्ह-थ्रूच्या पाटीवर जी-एच नसतंच, टी-एच-आर-यू एवढंच, आणि डोनटमधलं पण बऱ्याच जणांनी काढून टाकलंय. नांगराचं प्लाउ तर अमेरिकेत डब्ल्यूनेच लिहितात, वेबस्टरच्या १८२८ च्या डिक्शनरीत तसंच आहे. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने सरकारी छपाईत ३०० सोपी स्पेलिंगं वापरा म्हणून हुकूम काढला होता, त्यात थ्रू, दो, थरो तिन्ही आखूड केलेले होते. पेपरवाल्यांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला, साहेबांना माघार घ्यावी लागली. राष्ट्राध्यक्षाला जमलं नाही ते बर्गरवाल्यांनी केलं असं मी म्हणतो.

* * *

हसा इंग्रजीला, पण चहा आणि चमचा यांतला च एकच आहे का हो? 'जरा थांब' मधला जरा आणि जराजर्जर मधला जरा? लिहिताना काडीचा फरक नाही. माझी अमराठी जाऊ दहा वर्षं झाली तरी चमच्याला चहातल्या च नेच बोलावते, आणि तिला नियम सांगायला गेलं की आपलीच बोबडी वळते.

* * *

सगळ्यांचे आभार, नक्त तर मला माहीतच नव्हतं, आता सासूबाईंना विचारते. लेकीला आज सकाळी सगळी गोष्ट सांगितली, जुने लोक थॉटला थोख्ट म्हणायचे वगैरे. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग उद्या मिसना सांग ना की मला डिक्टेशन तसंच म्हणून घाला, म्हणजे जी-एच ऐकू तरी येईल.