मदत हवी आहे: ऊसतोडीला आलेली सात महिन्यांची गरोदर मुलगी

आमच्या रानात (सांगली जिल्हा) बीडची टोळी उतरलीय. त्यातली एक पोरगी, फार तर विशीची, सातवा महिना. अजून डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, तिचा खाडा म्हणजे अख्ख्या कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा खाडा. काल तिच्या पायावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. डोकंही ठणकतं म्हणते. गावाकडे तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन फक्त ७.४ होतं, आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिकडेच पेटीत!

एका दवाखान्यात नेलं, तर 'आधी कार्ड आणा'. बीपीसुद्धा बघितलं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, १०२ ची रुग्णवाहिकाही फुकट, हे माहीत आहे. पण सूज आणि डोकेदुखी असताना ९ तारखेची वाट बघायला मन धजत नाही. सकाळीच थेट उपजिल्हा रुग्णालयात नेतेय.

कुणी आशाताई, सिस्टर आहेत का इथे? आरसीएच नंबरवरून (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा नंबर) दुसरं कार्ड मिळतं का? लोहाची सलाईन तालुक्यालाच लावतात का? आणि टोळीच्या मुकादमाला कसं पटवायचं? नवरा तयार आहे, पण मुकादमापुढे तोंड उघडत नाही.