मान आणि जबड्याचं दुखणं : तुमचे अनुभव लिहा

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी, ज्यांचा जबडा दुखत होता आणि शोधत शोधत गाडी शेवटी मानेपाशी येऊन थांबली अशा सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. माझं आधी सांगते. उजव्या कानाच्या जरा पुढे जिथे जबड्याचा सांधा असतो तिथे सतत ठणका, जांभई दिली की कट्ट आवाज, सकाळी तोंड नीट उघडायचं नाही आणि पोळी चावायचासुद्धा कंटाळा यायचा. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून सांगितलं, मग दातांचे डॉक्टर, ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे) काढला, अक्कलदाढेवर संशय घेतला पण तीही ठीक निघाली. रात्री दातांवर घालायचं नाईट गार्ड करून घेतलं, त्याने दातांची झीज थांबली पण ठणका होता तिथेच. मग खांदा आखडला म्हणून फिजिओकडे गेले तर तिने मान तपासताना कवटीच्या बरोब्बर खाली एका जागी बोट दाबलं आणि जबड्यातला तोच ठणका जसाच्या तसा उठला!! बोट मानेवर आणि कळ गालात.

तिने सांगितलं की चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नर्व्ह आणि मानेच्या वरच्या तीन मणक्यांच्या पातळीवरच्या नसा मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, त्यामुळे कळ नक्की कुठून आली हे मेंदूला वेगळं काढता येत नाही. मानेवर काम सुरू केल्यापासून मला खरंच खूप फरक पडलाय. आता बरेच जण कायरोप्रॅक्टिक (मणके आणि सांधे हाताने हलवून किंवा झटका देऊन करायचा उपचार) सुचवतायत, रील्समध्ये ते मान कडकन मोडतात ते बघून मात्र पोटात गोळा येतो. कुणी घेतलंय का? चांगलं वाईट दोन्ही लिहा प्लीज.

जर्सीकर

मी घेतलंय आणि मला फायदा झाला. न्यू जर्सीत राहतो, सिग्नलला उभा असताना मागून गाडी आदळली, डोकं झटक्यात पुढेमागे झालं. मान दुखणार हे माहीत होतं पण थोड्या आठवड्यांनी जबडा धरायला लागला, सँडविच खाताना तोंड अर्धंच उघडायचं. इथे व्हिपलॅशनंतर (मानेला असा झटका बसून होणारी इजा) हे बऱ्याच जणांना होतं असं नंतर कळलं.

इथलं चित्र जरा वेगळं आहे हे लक्षात घ्या. कायरोप्रॅक्टिक मुळात अमेरिकेतलंच, १८९५ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केलं, आणि आज इथे प्रत्येक राज्यात त्यासाठी लायसन्स लागतं, आधी कॉलेज आणि मग काही वर्षांचा डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिकचा कोर्स असतो. माझ्या कायरोने पहिल्या भेटीत मान मोडलीच नाही. बीपी घेतलं, चक्कर येते का, डबल दिसतं का, हाताला मुंग्या येतात का सगळं विचारलं, हातांची ताकद बघितली, अपघातानंतरचा एक्स-रे बघितला. मग मानेचे वरचे मणके हळूहळू हाताने हलवून मोकळे केले, आणि ग्लोव्ह घालून तोंडाच्या आतून जबड्याच्या स्नायूवर दाब दिला (हे दुखतं, खोटं कशाला सांगू, पण नंतर तोंड उघडताना जो हलकेपणा येतो तो घेतल्याशिवाय कळणार नाही). झटका द्यायची पद्धत नको असं मी सांगितलं होतं आणि त्याने ते एका शब्दात मान्य केलं. जो हे मान्य करत नाही त्याच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरी करायला त्याने रोकाबाडो नावाच्या चिलीतल्या फिजिओचे व्यायाम दिले, जीभ टाळूला लावून हळू तोंड उघडणं, हनुवटी आत घेणं वगैरे. माझ्या मते अर्धं श्रेय त्या व्यायामांचं.

विरार_फास्ट

सेम टू सेम केतकी! माझं कारण मोबाईल. ट्रेनमध्ये दारापाशी उभं राहून मान खाली घालून विरारपर्यंत व्हिडिओ बघणं, आणि ऑफिसमध्ये फोन कान आणि खांद्यात दाबून दोन्ही हातांनी टायपिंग. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं म्हणजे तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीएवढं, आणि २०१४ मध्ये एका अमेरिकन स्पाइन सर्जननी कॉम्प्युटर मॉडेलवर काढलं होतं की मान साठ अंश वाकवली की मानेवर येणारा भार साधारण सत्तावीस किलोपर्यंत जातो. मॉडेलच आहे ते, पण माझ्या मानेला पटलं. कायरोकडे गेलो नाही, फोन डोळ्यांसमोर धरायला लागलो आणि फिजिओ केली, जबड्याचा कट्ट आवाज अजून येतो पण दुखत नाही.

दातवाली_सांगली

मी डेंटिस्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. केतकी, नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तोंड अडकत नसेल तर त्याला सहसा काही करावं लागत नाही, त्यामुळे विरारवाल्या दादांनी काळजी करू नये.

मानेचा संबंध बघायचा असेल तर आत्ता बसल्या जागी करून बघा. हनुवटी पुढे काढून कॉम्प्युटरकडे झुकतो तसं बसा आणि दात हलकेच टेकवा. आता पाठ मान सरळ करून परत टेकवा. दात वेगळ्याच ठिकाणी टेकले ना? डोकं पुढे गेलं की गळ्याच्या पुढचे स्नायू ताणले जातात आणि खालचा जबडा मागे-खाली ओढला जातो, मग चावायचे स्नायू दिवसभर त्याच्याशी झगडत बसतात. शिवाय मानेच्या बाजूचा तो जाड स्नायू असतो, कानामागून छातीकडे येणारा, त्यातली गाठ दुखायला लागली की कळ कान, गाल, कपाळ कुठेही जाते. असे पेशंट माझ्याकडे दाढ काढा म्हणून येतात आणि दाढ ठणठणीत असते. अशी एकही दाढ मी काढत नाही, कितीही आग्रह केला तरी.

लक्षात ठेवायचं म्हणजे ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दातावर दात फक्त खाताना आणि गिळताना टेकावेत. आपली स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावली तर तोंड पुरेसं उघडतंय.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल शिफारशी आल्यात. त्यात सगळ्यात जास्त जोर आहे तो शिकवून करून घेतलेले जबड्याचे आणि पोश्चरचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणं, ट्रिगर पॉइंटवर (स्नायूतल्या दुखऱ्या गाठीवर) दाब आणि सीबीटीवर (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन). मॅनिप्युलेशनलाही (झटका देऊन सांधा हलवणं) होकार आहे पण तितका ठाम नाही, आणि दातांची ठेवण कायमची बदलणारे स्प्लिंट (दातांवर बसवायचे साचे) नकोत असं स्पष्ट म्हटलंय. म्हणून म्हणते, जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी, शक्यतो नाहीच.

अनामिक_पुणे

माझा वाईट अनुभव, पण लिहायलाच हवा. जबडा आणि डोकं दुखत होतं, मैत्रिणीने एक जागा सुचवली, नाव लिहीत नाही. ना हिस्ट्री विचारली ना काही तपासलं, टेबलवर झोपवलं आणि मान एका बाजूला फिरवून कडाड. त्या रात्री मान कधी दुखली नव्हती इतकी दुखली आणि उठले की भोवळ यायची. नवऱ्याने ऐकलं नाही, थेट न्यूरोकडे नेलं, मानेच्या रक्तवाहिन्यांची एमआर अँजिओ केली, सगळं नॉर्मल आलं म्हणून सुटले. पण डॉक्टर म्हणाले की मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटणं क्वचित घडतं आणि त्यातून स्ट्रोक येऊ शकतो. अचानक मान किंवा डोकं कधी नव्हे इतकं दुखणं, चक्कर, दोन दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळता न येणं, चालताना तोल जाणं, यातलं काही झालं तर उद्या बघू म्हणू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि आपल्याकडे कायरोसाठी डॉक्टरांसारखं वेगळं सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळे समोरच्याचं शिक्षण किती, कुठे झालं हे आपणच विचारायचं. लाजायचं नाही.

जर्सीकर

बाप रे. ताई तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या कायरोने कन्सेंट फॉर्मवर हीच रिस्क लिहून सही घेतली होती, तेव्हा ती नुसती कागदपत्रं वाटली होती.

मडगावची_व्हायोलिन

गोव्याहून लिहितेय. मी वेस्टर्न व्हायोलिन शिकवते, डावा जबडा आणि खांदा यांच्यामध्ये वाद्य धरून माझी कैक वर्षं गेली. आमच्यात मान आणि जबडा ही नेहमीचीच तक्रार, आधी डावीकडे गाल दुखतो मग कानात दडे बसल्यासारखं वाटतं. मला कायरोपेक्षा चिन रेस्ट आणि शोल्डर रेस्ट (वाद्यावरचे हनुवटी आणि खांद्याचे आधार) बदलून आराम पडला. माझी मान लांब आहे, रेस्ट ठेंगणा होता, मग ते अंतर भरायला मी हनुवटीने वाद्य दाबत होते आणि डोकं डावीकडे वळलेलं. उंच रेस्ट लावला, वाद्याचं वजन थोडं डाव्या हातावर घ्यायची सवय केली, सोबत मानेची फिजिओ. आता मुलांना पहिल्या दिवसापासून सांगते की जबडा चिमट्यासारखा आवळायचा नाही, आणि त्यांची उंची वाढली की आईवडिलांना नवीन रेस्ट घ्यायला लावते. लहान वयातच हे बघायला हवं हो, मोठेपणी सवय मोडताना किती त्रास होतो ते मी बघितलंय.

सुहास_नाशिक

एक महत्त्वाचं राहतंय. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, जिना चढले की खालचा जबडा दुखायचा, थांबले की कमी. सगळे दातच म्हणत होतो. हार्ट निघालं, अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत. चालल्यावर दुखणारा जबडा, किंवा सोबत घाम, दम, हात भरून येणं असेल तर आधी ईसीजी, मान नंतर. आणि पन्नाशीच्या पुढे चावताना जबडा भरून येत असेल, नवीनच डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, नजर अंधुक होणं असं असेल तर रक्तवाहिन्यांच्या सुजेची तपासणी त्याच दिवशी, कारण त्यात डोळा जाऊ शकतो. आमच्या फिजिशियननी हे दोन्ही आवर्जून सांगितलं होतं.

केतकी_ठाणे

सुहास, हे धाग्याच्या अगदी वर असायला हवं होतं, माझ्या आईलाही वाचून दाखवते. पुण्याच्या ताई, काळजी घ्या. मी झटक्याची ट्रीटमेंट घेणार नाही हे नक्की झालं, फिजिओचंच चालू ठेवते. दातवाली ताई एक विचारायचं होतं, पालथं झोपायची सवय आहे मला, मान एकीकडे वळून राहते, त्याने पण होतं का? आणि भाकरी चालेल का?

दातवाली_सांगली

हो, पालथं झोपणं सोडच. मान वळलेली आणि गालावर उशीचा दाब, दोन्ही एकदम. कुशीवर झोपत असशील तर खांदा आणि कान यातलं अंतर भरेल एवढीच उशी घे, उताणी झोपलीस तर पातळ. भाकरी ताजी, मऊ, आमटीत कुस्करून खुशाल खा, दुखणं जोरात असताना कडक, वातड आणि च्युइंगगम बंद. दोन्ही बाजूंनी चाव. आणि जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ धर, तोंड एकदम मोठं उघडत नाही.