टूना: तेलातला की पाण्यातला?

प्रश्न: काल पाण्यातल्या टूना माशाचा डबा फोडला. मुठीत पिळला तर नुसता भुसा! घशाखाली उतरेना. तेलातला घ्यावा तर वजनाची धास्ती. काय करू?

– अहो, पिळलात कशाला? झाकणाने हलकेच दाबून निथळा. निथळलेल्या १०० ग्रॅममध्ये पाण्यातल्याच्या साधारण ११५ कॅलरी, तेलातल्याच्या २०० च्या आसपास.

– तेलातला घेतलात तर तेल ओतून देऊ नका, माशातलं थोडं ओमेगा-३ त्यात उतरतं. मी त्यातच कांदा परततो.

– मेयोनीजमध्ये कालवायचा तर पाण्यातला, नुसता खायचा तर तेलातलाच. आणि डब्यावर ‘अल्बाकोर’ लिहिलंय का बघा, टूनाच्या त्या जातीत स्किपजॅक या दुसऱ्या जातीपेक्षा पारा जास्त.

प्रश्नकर्ता: झाकणाने दाबून पाहिलं, तुकडे शाबूत! मांजर मात्र रुसलंय, पाणी कमी मिळालं म्हणून.