बाबा अजूनही 'गिरणीत होतो' म्हणतात. हे कुठल्या विषयात बसवू?

साचेवाल्याची लेक

नमस्कार मंडळी. मी शाळेत शिकवते आणि एकेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलंय. विषय: १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार स्वतःला कोण समजतो.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यातले बाबा पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरणीत त्यांची जेमतेम नऊ वर्षं झाली. पुढे बावीस वर्षं डोंबिवलीत एका सोसायटीत वॉचमन होते. पण आजही कुणी "काय करायचात?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "गिरणीत होतो." बावीस वर्षं गेली कुठे?

मानसशास्त्राची प्रश्नावली नेली. 'मी माझ्या आयुष्यावर समाधानी आहे', एक ते पाच. बाबांनी सगळीकडे तीनवर खूण केली आणि म्हणाले, "झालं का तुझं काम?" मला रडू आलं. मार्गदर्शक म्हणतात, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र, एक काहीतरी धरा. मला दोन्ही सोडवत नाहीत. कुणी वाट काढली आहे का?

आकडेमोड

ताई, मारिएनथाल वाचाच. व्हिएन्नाजवळचं गाव. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथे काम केलं, १९३३ मध्ये पुस्तक आलं. त्यांनी नुसत्या प्रश्नावल्या वाटल्या नाहीत. घरात काय शिजतं ते लिहून घेतलं, वाचनालयाच्या नोंदी पाहिल्या (वेळ हाताशी असूनही पुस्तकं नेणं घटलं होतं), माणसांकडून दिवसाचा तासातासाचा हिशेब भरून घेतला. आणि रस्त्यावरून लोक किती वेगाने चालतात तेही मोजलं. पुरुष थांबत, रेंगाळत चालायचे. बायका मात्र भरभर, कारण त्यांची कामं संपलीच नव्हती. याला मानसशास्त्र म्हणायचं की समाजशास्त्र, हे तुमच्या मार्गदर्शकांनाच विचारा.

बदलीवाला, लालबाग

पोरी, समाधान काय विचारतेस? खातं विचार. मी रिंगखात्यातला, म्हणजे सूत कातणारा. तुझे बाबा साचेवाले. दोघंही 'गिरणीत होतो' म्हणणार, पण ते एक नव्हे. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या समाजाला साचेखात्यात घेत नसत. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी. त्यातल्या कांडीचा धागा तुटला की तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, आणि आमचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. पगार मात्र तिथेच जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच मुद्दा उचलला होता. माझ्या वेळी दार उघडं होतं, तरी आमच्या घरातलं कुणी तिकडे गेलं नाही. हे तुझ्या एक ते पाचात कुठे बसणार? जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारा मुकादम, कोण होता, कुठल्या गाववाल्यांबरोबर खोलीत राहिले, जेवायला कुठल्या खानावळीत जायचे, ते विचार. पाळी कोणती होती तेही विचार. रात्रपाळीवाल्यांचं जगच निराळं.

इतिहासवाली

वरच्या काकांचं पटलं. थोडी भर: 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द रुळवणारे एरिक एरिक्सन मनोविश्लेषक होते. त्यांनी अहमदाबादला येऊन १९१८ च्या गिरणी संपातल्या गांधींवर पुस्तक लिहिलं, ते १९६९ मध्ये आलं. म्हणजे शाखांच्या भिंती तेव्हाच ओलांडल्या गेल्या होत्या. फक्त त्यांची नजर नेत्यावर होती, तुमची साचेवाल्यावर आहे. इकडे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावचा इतिहास तिथल्याच माणसांच्या तोंडून नोंदवला. त्यातल्या आडारकर वास्तुविशारद आहेत, हे मार्गदर्शकांना जरूर सांगा.

साचेवाल्याची लेक

काका, काल रात्री प्रश्नावली बाजूला ठेवली आणि नुसतं विचारलं, "किती साचे चालवायचात?" बाबा ताठ बसले. "चार," म्हणाले. मग सव्वा तास बोलत होते. धोटा उडाला तर मान कशी खाली घालायची, हे त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या करून दाखवलं. वॉचमनच्या नोकरीबद्दल एकच वाक्य: "तिथं मला कुणी नावानं हाक मारली नाही."

आकडेमोड, तुमचं बायकांचं वाचून थबकले. संपाच्या काळात आई खानावळीला पोळ्या करून द्यायची, पहाटे चारपासून. मी तिच्याकडे प्रश्नावली नेलीच नव्हती. उद्या रविवार आहे, तिच्याकडून दिवसाचा तासातासाचा हिशेब भरून घेते. तेव्हाचा आणि आताचाही.