ट्रेंच आणि डीप: गर्ता, डोह की खंदक?

शब्दवेडा: भाषांतरात अडलोय. प्रशांत महासागराच्या तळाशी मारियाना ट्रेंच आहे, तिच्या दक्षिण टोकाशी चॅलेंजर डीप. दोन्हींना 'गर्ता' म्हटलं की गर्तेत गर्ता पडते. संपादक म्हणतात, ट्रेंचला 'खंदक' करा.

तळठाव: खंदक खणावा लागतो, हा कोणी खणला? एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, दुसऱ्याखाली घुसतो, तिथे तळ वाकून खाली जातो. मारियाना सुमारे २,५५० किमी लांब, सरासरी ६९ किमी रुंद. ही गर्ता. तिच्यातला खोलगट भाग तो डोह. शालेय भूगोलात दोन्ही शब्द आहेत.

नावाडी: आहेत, पण तिथे कमी खोलीचा तो डोह! चॅलेंजर तर जवळपास १०,९०० मीटर. जगातल्या सर्वांत खोल जागेला डोह म्हणणार?

तळठाव: व्याख्या चुकली म्हणून शब्द का टाकायचा? नदीत सगळ्यांत खोल जागा डोहाचीच असते.

वावभर: जाता जाता, याच गर्तेत पण दुसऱ्या जागी झालेल्या १८७५ च्या मोजणीतले ४,४७५ 'फॅदम' तसेच ठेवू नका. आपला 'वाव' आहे, पसरलेल्या दोन हातांएवढा, सहा फूट. म्हणजे ८,१८४ मीटर. तेव्हा वजन दोरीला बांधून सोडायचे. प्रवाहात दोरीला बाक आला की खोली जास्त भरते.

शब्दवेडा: वाव घेतला. पुढचं वाक्य समुद्राच्या 'वेदर'वरच्या परिणामाचं आहे. हवामान लिहू?

तळठाव: नको. वेदर म्हणजे हवा, क्लायमेट म्हणजे हवामान. चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांहून गरम पाणी लागतं, तेही वरच्या ५० मीटरपर्यंत. गरम थर पातळ असला तर वादळ खालचं थंड पाणी ढवळून वर आणतं आणि आपणच लंगडं पडतं. ही चार दिवसांची हवा. एल निनोत मध्य-पूर्व प्रशांताचं पृष्ठतापमान सरासरीहून निदान अर्धा अंश वर, तेही महिनोन्‌महिने टिकावं लागतं. ते हवामान.

नावाडी: मग रोजचा 'हवामान अंदाज' बदलून 'हवेचा अंदाज' करायचा? वाचकाला वाटेल, टायरमधली.

तळठाव: हवापालट, हवा कुंद आहे, हवा मानवली... यांत कुठे टायर दिसला?

नावाडी: हवा मानवायला महिने लागतात. तुमच्याच हिशेबाने ते हवामान झालं.