तक्त्यातलं ते शून्य (शुक्रवारपर्यंत हवंय)

प्रेषक: ताई

मंडळी, तळ्याच्या गावातलं घर घ्यायचं की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी एजंटला कळवायचंय, म्हणून थेट विचारते. राहायला कोणतं लहान गाव चांगलं, याच्या भाऊंच्या तक्त्यात तळ्याच्या गावाला २६ गुण आहेत, डोंगराच्या गावाला १९. हवामान आणि करमणूक यांत दोघांना ८-८. सगळा फरक सुरक्षिततेत: तळ्याला १०, डोंगराला ३. का, तर २०२१ साली तळ्याच्या गावात गुन्हे शून्य! चार हजार वस्ती, आणि वर्षभरात एक सायकलसुद्धा चोरीला गेली नाही? ह्यांना पटलंय, मला नाही. हा आकडा आला कुठून?

ता. क. सहलीच्या बसचे पैसे मी मार्चमध्येच दिलेत. पुन्हा विचारू नये.

प्रेषक: भाऊ

आकडा एफबीआयचा आहे, माझ्या खिशातला नाही. गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. सगळे करतात तसंच. हा तक्ता ज्येष्ठ समितीसाठी मी तीन वीकएंड घालवून केलाय आणि त्यात बदल करायचे हक्क फक्त माझ्याकडे आणि खजिनदारांकडे आहेत. मागे कुणीतरी क्रम लावताना एकच कॉलम निवडला आणि या गावाचा बर्फ त्या गावाला गेला. तेव्हापासून कुलूप आहे. शंका असतील तर मला वेगळी मेल करा, पूर्ण यादीला नको.

प्रेषक: नाना

भाऊ, सूत्र बरोबर आहे रे, पण गावं लहान आहेत. दोन हजार वस्तीच्या गावात एक खून झाला की लाखामागे ५० होतात. २०२३ मध्ये आख्ख्या अमेरिकेचा आकडा ६ च्या आत होता. म्हणजे तुझ्या हिशेबाने ते गाव देशाच्या आठपट धोक्याचं. पुढच्या वर्षी खून झाला नाही की तेच गाव पहिल्या नंबरावर. गाव तेच, माणसं तीच.

आणि आम्ही १८ वर्षं जिथे काढली त्या गावाला हायवेचं एक्झिट होतं, एक्झिटला मोठं दुकान. तिथली सगळी उचलेगिरी गावाच्या खात्यावर. चोर गावचे नाहीत, गिऱ्हाईक गावचं नाही, भागाकार मात्र आमच्या तीन हजार डोक्यांनी. डोंगराच्या गावाला एक्झिट आहे ना? मग ७ गुण कुठे गेले ते तिथे बघ.

प्रेषक: खजिनदार

हक्क माझ्याकडे आहेत हे आज कळलं. माझ्याकडे तर ती फाईल उघडतसुद्धा नाही.

प्रेषक: दादा

२०२१ म्हणताय म्हणून मध्ये पडतो. त्या वर्षी एफबीआयने जुन्या पद्धतीचे आकडे घेणं बंद केलं आणि फक्त नवी एनआयबीआरएस पद्धत (प्रत्येक घटनेची वेगळी नोंद) ठेवली. हजारो पोलीस खाती तयारच नव्हती. न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिसच्या पोलिसांचेसुद्धा आकडे त्या वर्षी त्यात नाहीत, तिथे चार हजारांच्या गावाचं काय. म्हणून मी मूळ फाईल उघडून पाहिली. तळ्याच्या गावापुढे शून्य लिहिलेलंच नाही. चौकोन कोरा आहे. एक्सेलमध्ये कोऱ्या चौकोनाला लोकसंख्येने भागलं की उत्तर शून्य येतं, मग भाऊंचं सूत्र म्हणतं, शून्य गुन्हे, घ्या १० पैकी १०.

दुसरं, त्या गावाला स्वतःचं पोलीस खातं तरी आहे का? बऱ्याच लहान गावांत काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफच गस्त घालतो. मग गुन्हे झाले तरी ते शेरीफच्या नावावर नोंदले जातात, गावाच्या नाही.

प्रेषक: भाऊ

कोऱ्या चौकोनाचं मला माहीत आहे, ते नजरचुकीने राहिलं. आता तिथे काय भरायचं तेवढं सांगा. काउंटीची सरासरी घेतली तर तळ्याला ६ मिळतील. कोरं ठेवलं तर बेरीज २० पैकी होईल आणि बाकीच्या ३१ गावांशी तुलना करता येणार नाही. टीका करायला सगळे हजर असतात. गावांची माहिती गोळा करा म्हणून एप्रिलमध्ये विनंती केली होती, तेव्हा दोन उत्तरं आली होती. त्यातलं एक 'छान उपक्रम' असं होतं.

प्रेषक: वहिनी

भाऊजी, रागावू नका, पण सुरक्षितता म्हणजे नुसत्या चोऱ्या का? मी २२ वर्षं इमर्जन्सीत काम करते. लहान गावातलं हॉस्पिटल बहुतेक क्रिटिकल अ‍ॅक्सेस प्रकारचं असतं, जास्तीत जास्त २५ खाटा. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तास मोजायचे ते पेशंटला शेवटचं ठीक पाहिलं तेव्हापासून. गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे एक बाई आल्या. रात्री ११ ला ठीक होत्या, सकाळी ६ ला नवऱ्याने पाहिलं तर बोलता येईना. त्यांच्या गावात अँब्युलन्सवाले स्वयंसेवक. फोन आला की आधी आपापल्या घरून निघायचं, दारातला बर्फ बाजूला करायचा, मग स्टेशनवर जाऊन गाडी काढायची. आमच्यापर्यंत यायला नऊ वाजून गेले. नवरा एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून आला होता. गुन्हे खरोखरच शून्य असतील त्या गावात.

ताई, रात्री दोन वाजता अँब्युलन्सवर कोण असतं, आणि स्ट्रोकचा पेशंट कुठे नेतात, एवढं विचाराच.

प्रेषक: नाना

वहिनींशी सहमत. शिवाय हवामानाच्या ८ गुणांचंही मला कळलेलं नाही. भाऊने वर्षाची सरासरी धरलेली दिसते. सरासरीने सेंट लुईस आणि सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ सारखीच निघतात. पण जुलैत एक ८० फॅरनहाइटला आणि दुसरं ६० च्या आसपास. जानेवारीत पुन्हा उलटं. ताई, तू ते गाव कोणत्या महिन्यात पाहिलंस? मे महिन्यात सगळीच गावं चांगली दिसतात.

प्रेषक: खजिनदार

डोंगराच्या गावातून बाहेर पडायला रस्ते किती? कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज, साधारण २६ हजार वस्ती, पाइनची झाडं, निवृत्त लोकांचं आवडतं. ८ नोव्हेंबर २०१८ च्या आगीत ८५ माणसं गेली. बाहेर जायचे रस्ते मोजकेच, तेही गाड्यांनी तुंबलेले. याला कोणत्या कॉलममध्ये गुण द्यायचे, हवामान की सुरक्षितता?

प्रेषक: भाऊ

नवीन कॉलम हवा असेल तर पुढच्या बैठकीत ठराव मांडा.

प्रेषक: ताई

मंडळी, आज शेरीफच्या ऑफिसला फोन केला. दादा म्हणाले तेच निघालं. तळ्याच्या गावाला पोलीस नाहीतच, गस्त शेरीफची. पलीकडची बाई म्हणाली की उन्हाळ्यात बोटींची इंजिनं चोरीला जातात आणि हिवाळ्यात बंद घरं फोडतात, मागच्या वर्षी अशा सातेक तक्रारी आल्या. मला तर हे ऐकून बरंच वाटलं, निदान काहीतरी कळलं. अँब्युलन्स स्वयंसेवकांचीच. स्ट्रोक सेंटर ७० मिनिटांवर, रस्ता कोरडा असेल तर.

नाना, तुम्ही नेमकं पकडलंत, आम्ही मे महिन्यातच गेलो होतो. म्हणून काल ह्यांना घेऊन परत गेले. पाच वाजता मिट्ट काळोख. करमणुकीचे ८ गुण ज्या पोहण्याच्या तलावासाठी दिलेत, तो लेबर डेला (सप्टेंबरच्या सुरुवातीला) बंद होतो तो थेट जूनमध्ये उघडतो. तळ्याकाठच्या वाटेवर एकही दिवा नाही आणि ती वाट मोटेलपाशी संपते, पुढे फुटपाथच नाही. आम्ही रस्त्याच्या कडेने चाललो होतो, तर एक पिकअपवाला थांबला आणि गाडी बंद पडली का म्हणून विचारू लागला. फिरायला निघालोय म्हटलं तर त्याला खरंच वाटेना. वाचनालय मात्र आठापर्यंत उघडं होतं आणि आत चांगली पंधरा माणसं होती. ह्यांनी तिथेच तासभर काढला.

आणखी एक. फेमाच्या (सरकारच्या आपत्ती खात्याच्या) नकाशात ते घर शंभर वर्षांच्या पुराच्या पट्ट्यात येतं. एजंट म्हणतो, शंभर वर्षांतून एकदा, म्हणजे काळजी नाही. त्याचा खरा अर्थ दर वर्षी १ टक्का, म्हणजे ३० वर्षांच्या कर्जात एकदा तरी पाणी यायची शक्यता २६ टक्के. हे गणित ह्यांनीच करून दाखवलं आणि मग स्वतःच गप्प झाले.

शुक्रवारी मी नाही कळवणार आहे. डोंगराचं गाव फेब्रुवारीत जाऊन बघू, रस्ते मोजून. भाऊ, तोवर तळ्याच्या सुरक्षिततेपुढे १० च्या जागी प्रश्नचिन्ह टाकाल का? दुसरं कुणी त्या १० वर जाऊन घर घेऊन बसायचं.

प्रेषक: भाऊ

प्रश्नचिन्ह टाकून पाहिलं. बेरजेत एरर येतोय.

प्रेषक: खजिनदार

मग बेरीज काढा.

प्रेषक: भाऊ

काढतोच आहे. म्हणून तर एरर येतोय.

प्रेषक: खजिनदार

काढून टाका म्हणतोय. आणि फाईलची लिंक परत पाठवा, अजून उघडत नाही.