सजवलेली ४०७ कोल्हापूरला न्यायची आहे, मदत हवी

मंडळी, जुनी टाटा ४०७ (छोटा मालवाहू ट्रक) दोन वर्षं खपून तयार केली. बेळगावच्या उद्यमबागेत पत्राकाम, गर्द निळा रंग, बंपरवर पितळी घुंगरं (ही आईची हौस). शनिवारी आम्ही पाच दोस्त तिला कोल्हापूरला गाड्यांच्या प्रदर्शनाला न्यायचं म्हणतोय. निपाणीवरून हायवे ४८ नं, साधारण ११० किलोमीटर.

अडचण टायरची. रुंद टायर घातलेत, ते मडगार्डच्या दोन बोटं बाहेर येतात. परवा तवंदी घाटात चाचणी घेतली, तर वळणावर डावा टायर पत्र्याला घासून करकर वाजायला लागला. आरसीवर रंगही अजून पांढराच. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, हे सांगणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल ठाऊक आहे, म्हणून रंगाची नोंद आरटीओत करून घेतो. पण टायर? जुनेच परत चढवावेत, की गाडी टोइंगवाल्याच्या गाडीवर घालून न्यावी? कोगनोळीच्या सीमा नाक्याजवळ अडवलं तर कागद कुठले दाखवायचे?

मालवाहू गाडीत मागं माणसं बसवता येत नाहीत, त्यामुळं दोघं एसटीनं येणार. रुसून बसलेत दोघंही.

बेळगाव-निपाणीकडनं कुणी अशी गाडी नेली असेल तर टोइंगचं भाडं किती पडलं, तेवढं सांगा की.